इंजिन थंड होईपर्यंत

ता. ९ जानेवारी

चि. भिंगरीस,

आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही इकडे आहोत तसे आहोत. तू कशी आहेस ते कळव, पण आधी हे सगळे वाच.

फोन सोडून पत्र कशाला, असे तुला वाटेल. फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि मी फोनवर बसले की तुझा बाप माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो. मी काय बोलावे ते मला सुचवतो. तिसरी शिकलेल्या बाईला पत्र लिहायला दोन दुपारी लागतात खऱ्या, पण मधे कोणी तोंड घालत नाही.

मुद्द्याचे लिहिते. तुझ्या बापाचा उजवा हात थरथरतो. वर्ष होत आले. आधी मला वाटले चहा फार गरम असेल. मग गार चहानेही बशी वाजायला लागली. आता तो कप डाव्या हाताने धरतो आणि उजवा खिशात ठेवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. कचेरीत पाण्याचे मीटर खोलून दुरुस्त करणे हे त्याचे काम, ते हल्ली शेजारच्या टेबलावरचा सोबती करतो आणि हा त्याच्या वाटचे फोन घेतो. हे मला त्या सोबत्याच्या बायकोकडून कळले. घरात विचारले तर म्हणतो, थंडी आहे.

मोठ्या इस्पितळात नसांचा डॉक्टर महिन्यातून एकदाच येतो. मी परस्पर जाऊन नंबर लावला. बारा मार्चची तारीख मिळाली. तुझ्या बापाला सांगितले तर तो म्हणाला, कासव स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर जाईल त्यानंतर मी म्हणशील त्या डॉक्टरकडे येईन, त्याआधी नाही. वर शपथ घेतली. कोणाची ते लिहीत नाही, माझीच घेतली.

त्या कासव गाडीला आता नऊ वर्षे झाली. तुझी आई गेली त्या वर्षी त्याने ते दोरीने ओढत घरी आणले. तेव्हा मी काही बोलले नाही. पुरुष माणूस घरात रडत बसण्यापेक्षा अंगणात नट खोलत बसलेला बरा, असा विचार केला. पण नवल बघ, जन्मभर पाणी खात्यात नोकरी केली आणि गाडी आणली ती बिनपाण्याची. हिचे इंजिन म्हणे वाऱ्याने थंड होते. इंजिन शेपटीकडे आणि सामान ठेवायची जागा तोंडाकडे. ज्याने केली त्याला तरी घाई होती की काय.

पत्रा झाला, रंग झाला, गाद्या मी शिवल्या. इंजिनही पुन्हा जोडून झाले. राहिल्यात त्या वाल्व्हच्या फटी. केसाएवढी फट ठेवायची, लोखंडाची पातळ पाती घालून ती मोजायची, मग एका हाताने स्क्रू धरून दुसऱ्याने नट आवळायचा. तीन रविवार तुझा बाप गाडीखाली आडवा आहे. स्क्रू धरावा तर नट फिरतो, नट आवळावा तर स्क्रू. बाहेर येतो, अंगणात दहा येरझाऱ्या घालतो, पुन्हा आत जातो. म्हणजे हात बरा झाल्याशिवाय गाडी नाही, आणि गाडी झाल्याशिवाय हात दाखवायचा नाही. या गाठीचे टोक मला सापडत नाही. तू शिकलेली आहेस, शोध.

हाताबद्दल त्याला एक अक्षर लिहू नकोस.

कळावे. लोभ आहेच, तो मोजत बसू नकोस, उत्तर टाक.

तुझी आजी

ता. १६ जानेवारी

ती. आजीस,

भिंगरीचा शि. सा. न. वि. वि. तुझे पत्र वाचल्यापासून जिवाला चैन नाही. काल चष्म्याची एक काच घासता घासता इतकी घासली की कारखान्याच्या मालकांनी ती उजेडाकडे धरून विचारले, हिच्यातून कोणाला काही दिसावे अशी तुमची इच्छा आहे का?

बाबांचे पत्र गेल्या वर्षात आलेच नाही, याचा मी राग धरून बसले होते. आता माझाच मला राग येतोय.

आजी, कोपऱ्यावरच्या मेस्त्रींना तासभर बोलावले तर? त्यांचा तर हातखंडा आहे. ते जमत नसेल तर दुसरी वाट आहे, ऐकून घे, लगेच चिडू नकोस. मालकांच्या मेहुण्यांना जुन्या गाड्यांचा नाद आहे. आहे त्या स्थितीत ते कासव घ्यायला तयार आहेत. गाडीच नसली तर बाबांची सबबही नाही. नऊ वर्षे मी सुट्टीला घरी येते आणि बाबांचे पाय तेवढे बघते, बाकीचे गाडीखाली असतात. मला ती गाडी कधीच आवडली नाही हे तुला ठाऊक आहे.

मी बाबांना फक्त गिऱ्हाइकाचे लिहिते. हाताचे नाव काढत नाही.

तुझ्या गुडघ्यांना जप आणि नव्या जागी नंबर लावायला जाताना कोणालातरी सांगून जा. तुझी माया अशीच राहू दे, शब्द थोडे कमी बोचरे असले तरी चालेल.

तुझी भिंगरी

ता. १० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र पोचले आणि तुझ्या बापालाही पोचले. गिऱ्हाइकाचे वाचून त्याने कागदाची घडी केली आणि पान्यांच्या पेटीत तळाशी टाकली. दोन दिवस माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच गाडी बाजारात उभी केली.

तू म्हणतेस गाडी गेली की सबब गेली. पोरी, खुंटी उपटली म्हणून माणूस सदरा अंगात घालत नाही, जमिनीवर टाकतो. तुझा बाप मग डॉक्टरकडे जाणार नाही, कुठेच जाणार नाही.

मेस्त्री आले होते. मीच बोलावले, पण सहज आल्यासारखे या म्हणून सांगितले. त्या बाबाला सहज येता येत नाही, पान्यांचा डबा बगलेत घेऊन आला. तुझ्या बापाने त्याला चहा पाजला, नऊ वर्षांची हकिगत सांगितली आणि गाडीला बोट लावू न देता वाटेला लावले.

आता खरी बातमी. काल रविवारी इंजिन लागले. डाव्या हाताने उजवे मनगट धरून, दात खाऊन, त्याने आठही फटी लावल्या. सकाळपासून दुपार झाली. बटण मारले तर एकदा खोकले, दोनदा खोकले आणि लागले. सगळी गल्ली फाटकाशी. तुझा बाप नुसता गाडीभोवती फिरत राहिला. पण पाव तास झाला आणि मला त्यात टकटक ऐकू येऊ लागली. तीस वर्षे मी शर्टांच्या कारखान्यात काजे केली, चाळीस मशिनींतली कोणती ढिली आहे ते मी पाठ फिरवून सांगत असे. मी म्हटले दोन फटी मोठ्या राहिल्यात. तो म्हणाला, मलाही ऐकू येते आहे, बघू उद्या. इंजिन बंद केले आणि आंघोळीला गेला.

हे उद्या मी नऊ वर्षे ऐकते आहे. काहीही खोलायचे म्हटले की त्याचे उद्या. उद्या म्हणजे पुढचा रविवार. आणि बारा मार्च काही त्याच्यासाठी थांबणार नाही.

म्हणून मी गाडीखाली गेले. हसू नकोस. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उंच आहे आणि माझ्या अंगावर मांस नाही, पोते अंथरले आणि सरकले. नऊ वर्षे पाने हातात देते आहे, कुठले झाकण काढायचे, इंजिनाची कप्पी कुठवर फिरवायची, सगळे डोळ्यांपुढे आहे. चटके बसले, पण काजे करणारीची बोटे आहेत, ती काय चटक्याला भितात? टकटक करणाऱ्या दोन लावल्या, मग हात सवयीचा झाला म्हणून बाकीच्याही सारख्या केल्या. त्याची तासाभराची आंघोळ आटपून तो बाहेर आला तेव्हा मी ओट्याशी होते.

त्याला यातले काही कळता कामा नये. त्याला वाटू दे की आवाज आपोआप बसला. त्याच्या हाताने झाले असे त्याला वाटले की झाले. येत्या रविवारी कासव फाटकाबाहेर, आणि मग मी आहे आणि तो आहे.

पत्र फाडून टाक. लोभ ठेव आणि तोंड बंद ठेव.

तुझी आजी

ता. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

बाबांचे आशीर्वाद. वि. वि. अक्षराकडे बघू नकोस, पेन नीट चालत नाही.

मागे तू एका गिऱ्हाइकाबद्दल लिहिले होतेस. त्यांना अजून हवी असेल तर गाडी देऊन टाकावी असे ठरवले आहे. दोन मार्चला रविवार आहे, येऊन घेऊन जावी.

आजीने तुला इंजिन लागल्याचे कळवले असेल. त्या दिवशी लागले होते. मंगळवारी सकाळी बटण मारले तर नुसते खोकले आणि थांबले. झाकणे काढून पाहिले. आठांपैकी एकाही जागी फट उरलेली नव्हती. पाती आत शिरेना. मी स्वतः लावलेल्या, तीन तीनदा मोजलेल्या. मोजताना मला जे बरोबर वाटत होते ते बरोबर नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. चार दिवस पुन्हा खाली गेलो, पण आता हात लावायचा धीर होत नाही. लावीन ते खरे असेल असे कशावरून?

माणसाला थांबायचे कुठे ते कळले पाहिजे.

आजीने इस्पितळाचा कसलातरी नंबर लावून ठेवला आहे. तो रद्द करायला तिला सांगितले आहे. तिच्याशी माझा गाडीवरून करार होता. गाडी नाही तर करार नाही. तू त्यात पडू नकोस.

नोकरी सांभाळ. पत्र नाही आले तरी आठवण असते असे समजून चाल.

तुझे बाबा

ता. २१ फेब्रुवारी

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. बाबांचे पत्र सोबत पाठवत आहे. त्यांना न विचारता पाठवते आहे. ते वाच आणि मगच माझे पुढचे वाच.

वाचलेस? आता ऐक. तुझे पत्र मी फाडले नव्हते. ते घेऊन मी आमच्या कारखान्यातल्या फिटरकाकांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की इंजिन बंद करून किती वेळ झाला होता. मी म्हटले, एका आंघोळीएवढा. त्यांनी कपाळाला हात लावला. वाऱ्याने थंड होणारे इंजिन गरम झाले की सगळे फुगते आणि वाल्व्हच्या फटी वाढतात. तेव्हा केसाएवढी फट ठेवली की गार झाल्यावर ती मिटून जाते. म्हणून रात्रभर थांबायचे असते. इंजिन पार गार झाल्याशिवाय तिकडे पाना न्यायचा नसतो. आजी, बाबांचे उद्या हे आळसाचे नव्हते. निदान हे एवढे तरी नव्हते.

त्यांनी लावलेल्यांत दोन फटी ढिल्या होत्या. सहा बरोबर होत्या. थरथरत्या हाताने सहा बरोबर! आणि आता त्यांना वाटते आहे की आठही चुकल्या.

खरे सांगू का, हे कळल्यावर एक अख्खा दिवस मी गप्प बसले. गाडी जायला निघालीच आहे, मला हवे होते तेच होते आहे, बोलावे कशाला असे मनात आले. मग त्यांचे पत्र पुन्हा वाचले. लावीन ते खरे असेल असे कशावरून, हे वाक्य. मालकांच्या मेहुण्यांना दोन मार्च कळवून झाले आहे, त्यांना मी अजून नाही म्हटलेले नाही, कारण ते माझे काम नाही. ते तुझे आहे. बाबांना तूच सांगायला हवेस.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,

भिंगरी

ता. ८ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र येऊन पंधरवडा होत आला. पोचले नाही असे लिहिणार होते, पण एक खोटे पुरे झाले.

तू सांग म्हणालीस आणि मी लगेच सांगितले असे समजू नकोस. तीस वर्षांत माझ्या हातचा एक शर्ट परत आला नाही. सकाळी ठरवायची, दुपारी सांगीन. दुपारी ठरवायची, तो जेवला की सांगीन. तो जेवतच नव्हता. उजवा हात खिशात, डाव्याने ताटातले इकडचे तिकडे. मी भांडी दोनदा घासायची, कपाट लावून पुन्हा लावायची. बूड म्हणून टेकत नव्हते.

दोन तारखेला गिऱ्हाईक आले. चकचकीत बूट, बरोबर दोन माणसे आणि गाडी वाहून न्यायची गाडी. त्याने कासवाच्या पाठीवर टिचक्या मारल्या, जसे कोणी माठ घेताना वाजवून बघतो. गादीवर हात फिरवून म्हणाला, शिलाई बरी आहे. बरी! कागद गाडीच्या टपावर ठेवला आणि तुझ्या बापाला पेन दिले. तुझ्या बापाने उजवा हात खिशातून काढला. त्या परक्या माणसासमोर त्याला तो काढावा लागला. पेन कागदाला टेकून टपावर टकटक वाजू लागले, आणि गिऱ्हाईक सभ्यपणे दुसरीकडे बघू लागले.

तेव्हा मी म्हटले, "तुझा हात चुकला नाही. माझा चुकला."

मग तिथेच, फाटकाशी, सगळे सांगितले. पोते, पाना, आंघोळ, सगळे. त्याने एकच विचारले, इंजिन किती गरम होते. मी म्हटले, तळवा ठेववत नव्हता. त्याने पेनाला टोपण लावले, गिऱ्हाइकाला परत दिले आणि घरात निघून गेला. गिऱ्हाइकाला चहा मी दिला. बिनसाखरेचा दिला.

तुला वाटेल गळ्यात पडला असेल. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी बोलला ते न बोलता तर बरे होते. मला विचारले, तू माझ्या आंघोळीची वाट बघत होतीस की काय. म्हटले हो. नऊ वर्षे तुला पाने द्यायला बसवले ते चोरून शिकायला का, असे म्हणाला. मी म्हटले, शिकवले असतेस तर चोरले नसते. आणि तू हात खिशात घालून फिरतोस ती चोरी कुठल्या खात्यात मांडायची? तो अंगणात गेला, मी भांड्यांकडे.

काल सकाळी बघते तर गाडीखाली पोते अंथरलेले. शेजारी स्टूल, स्टुलावर तो. इंजिनाला तीन आठवडे कोणी हात लावला नव्हता, दगडासारखे गार होते. म्हणाला, जा खाली.

गेले. तो वरून कप्पी फिरवून सांगायचा, मी फट लावायची. पाती ओढताना कशी लागली पाहिजे हे त्याने मला कधी नीट सांगितले नव्हते. काल म्हणाला, कोऱ्या जाड कापडातून सुई ओढतेस तशी. एवढेच आधी सांगितले असते तर! पहिली लावली. तो स्टुलावरून उतरला, आडवा झाला, डाव्या हाताने पाती ओढून बघितली आणि सोडवून पुन्हा लावायला लावली. दुसरी दोनदा लावली. तिसरी एकदाच. पाचवी बघताना तो नुसते हं म्हणाला. आठवी लावली तेव्हा मी खालून वाट बघत राहिले, तर तो बघायला उतरलाच नाही. वरूनच म्हणाला, झाकण लाव.

इंजिन लागले. टकटक नाही. ठोकळे काढले आणि तुझा बाप गाडीत बसला. कासव फाटकाबाहेर पडले, खांबापर्यंत गेले आणि मागे मागे परत आले. मी फाटकात कमरेवर हात ठेवून उभी होते. त्याने काच खाली केली, माझे तोंड बघितले आणि स्वतःच म्हणाला, बुधवारी किती वाजता जायचे आहे.

नंबर मी रद्द केलाच नव्हता.

लोभ उधार ठेवायची चीज नाही, लगेच उत्तर लिही.

तुझी आजी

ता. १६ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. वि. वि. हे पत्र मिळताच सुट्टीचा अर्ज दे, बाकीचे मग वाच.

बुधवारी आम्ही गाडीनेच गेलो. मी बस म्हटले होते. तो म्हणाला, करार कासवाचा आहे, कासवच जाईल. मी शेजारी बसले. हात चाकावर घट्ट असला की थरथर कमी दिसते, हे मी पाहिले. गिअर टाकताना मात्र दिसते. मोठ्या चढावर मागून गाड्या ओरडत होत्या, पण कासव आपल्या चालीने चढले. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत, भिंतीला लागून, त्याने ते अगदी सरळ उभे केले.

डॉक्टर लहान वयाचा आहे पण धीराचा. तुझ्या बापाला चालायला लावले, बोटे मिटायला उघडायला लावली, कागदावर गोल गोल काढायला लावले. मग सांगितले ते असे: आजार नसांचा आहे. त्याने माणूस मरत नाही, पण तो जातही नाही. गोळ्या आहेत, त्यांनी हात पुष्कळ आवरेल, मात्र गोळ्यांचे माप बसायला दोन तीन महिने लागतील. वर्षभर आधी आला असतात तर हे वर्ष इतके जड गेले नसते, असे म्हणाला. तुझा बाप माझ्याकडे बघेना आणि मी त्याच्याकडे बघितले नाही.

मग डॉक्टरने विचारले, कसे आलात? हा मोठ्या ऐटीत म्हणाला, माझ्या गाडीने. डॉक्टर म्हणाला, परत जाल ते बसने. माप बसेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. मी सांगेन तेव्हाच.

तेव्हापासून कासव इस्पितळाच्या भिंतीला उभे आहे. आज चौथा दिवस. मेस्त्री दोरी घेऊन निघाला होता, तुझ्या बापाने त्याला हात जोडले, म्हणाला, नऊ वर्षांपूर्वी दोरीने आणली, आता दोरीने नाही. रोज संध्याकाळी कचेरीतून परस्पर बसने तिकडे जातो, भोवती फेऱ्या घालतो, काच पुसतो, परत येतो. कचेरीत मात्र त्याने स्वतः होऊन साहेबाला हाताचे सांगितले. आता तो मीटर तपासायला बसतो, खोलायला दुसरा. गोळी डाव्या हाताने घेतो, पण माझ्यासमोर घेतो.

मला गाडी चालवता येत नाही. येत असती तर तुला लिहिले नसते, आणि खरे सांगायचे तर मी दोनदा आत बसून बघितले. माझे पाय पोचत नाहीत. तुला येते. तेव्हा शनिवारी ये आणि तुझ्या बापाची गाडी घरी आण. आवडत नाही, माहीत आहे. आवडून घ्यायला कोणी बोलावले नाही, आणायला बोलावले आहे.

किल्ली माझ्या कमरेला आहे. परवा तो ती घेऊन निघाला होता म्हणून.

तो तुझ्या शेजारी बसेल. क्लच कधी दाबायचा, चढावर दम कसा काढायचा, सगळे सांगत राहील. तुला सगळे येत असले तरी सांगू दे. गाडी भलतीकडे वळवून एखादी फेरी जास्त झाली तरी मी जेवायला थांबेन. त्याचा हात मांडीवर थरथरत असेल. तिकडे बघू नकोस. चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचे असते.

बाकी समक्ष. लोभ घेऊन ये, पिशवीत दुसरे काही आणू नकोस.

तुझी आजी